बाकी अडकली, कोर्टात जावं का? स्वतंत्र फोटोग्राफरने दावा लावण्याआधी मांडायचा हिशेब

लग्न पार पडलं, पूजा झाली, जोडपं फिरून आलं. अल्बमचं सिलेक्शन चार महिने लांबलं आणि बाकीचे साठ हजार तसेच राहिले. फोन केला की "दादा, या आठवड्यात करतो". किंवा इव्हेंट कंपनीचं तीन दिवसांचं कॉर्पोरेट शूट, बिल गेलं, अकाउंट्सवाले म्हणतात "साहेबांची सही राहिलीय". आपल्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे. नव्याने उतरलेल्या मुलामुलींना मात्र पहिल्यांदा असं झालं की दोनच गोष्टी सुचतात: गप्प बसायचं किंवा "कोर्टात खेचतो" म्हणायचं. या दोन्हींच्या मधे बरंच काही आहे. हा लेख त्यासाठी, आणि तो महाराष्ट्रात काम करणाऱ्या, एकट्याच्या जिवावर धंदा करणाऱ्या फोटोग्राफरसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. दावा लावायचा की नाही हे येणं किती आहे यावर ठरत नाही, हातात किती पडू शकतं यावर ठरतं. कायदा तुमच्या बाजूने असूनही दावा परवडत नाही, असं पुष्कळदा होतं. आणि परवडणार नाही असं वाटणारी एखादी बाकी योग्य रस्ता धरला तर फारशा खर्चाशिवाय वसूल होते.

पायरी १: आधी कॅलेंडर बघा

केलेल्या कामाच्या पैशांसाठी दिवाणी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची आहे, १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे. पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून, ठरली असेल तर त्या तारखेपासून. वकिलाची नोटीस पाठवल्याने ही मुदत वाढत नाही. फोनवरच्या आश्वासनांनी तर नाहीच. मुदत संपण्याआधी समोरच्याने सही करून लेखी कबुली दिली, किंवा काही रक्कम दिली आणि त्याची त्याच्या हातची वा सहीची नोंद असली, तरच घड्याळ नव्याने सुरू होतं. म्हणून "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणणाऱ्याकडून दोन ओळी लिहून घ्या: अमुक कामाचे इतके रुपये मी देणं लागतो, अमुक तारखेपर्यंत देईन. सही आणि तारीख. व्हॉट्सॲपवरचा "बाकीचे करतो" हा मेसेज पुरावा म्हणून जपाच, पण मुदत वाढवायला त्याच्यावर विसंबू नका.

चेक परत आला असेल तर हे तीन वर्षांचं गणित विसरा. तिथे दिवस मोजावे लागतात. त्याबद्दल पाचव्या पायरीत.

पायरी २: समोरचा नेमका कोण?

बुकिंग मुलीच्या भावाने केलं, ॲडव्हान्स वडिलांनी जीपेने पाठवला, कोटेशनवर नाव नवऱ्या मुलाचं. दावा कोणावर? ज्याने काम सांगितलं आणि पैसे द्यायचं कबूल केलं, त्याच्यावर. हे कागदावर दिसत नसेल तर पहिल्याच तारखेला समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर देणं कंपनीचं असतं. रोज तुमच्याशी बोलणारा डायरेक्टर स्वतःच्या खिशातून द्यायला बांधील असतोच असं नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकून ती चालू आहे का, वार्षिक हिशेब भरते का, ते पाहा. बंद पडत चाललेल्या इव्हेंट कंपनीविरुद्ध हुकूमनामा (पैसे द्यावेत असा कोर्टाचा निकाल) मिळवून तुम्ही फक्त रांगेत उभे राहता.

मग त्याच्याकडे काय आहे ते बघा: स्वतःचं दुकान, हॉल, चालू बँक खातं, नियमित पगार? हुकूमनामा झाल्यावरही पैसे आपोआप येत नाहीत. वसुलीसाठी वेगळी दरखास्त लावावी लागते. ती लावायला बारा वर्षांची मुदत असते आणि जप्ती कशावर आणायची ते तुम्हीच कोर्टाला सांगायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचे निर्देश दिले, तरी प्रत्यक्षात वेळ जातो. ज्याच्या नावावर काही सापडत नाही, त्याच्याविरुद्ध जिंकण्यात मला अर्थ दिसत नाही.

पायरी ३: कागदांची फाइल

कोटेशन, त्यावरची सही किंवा "ओके, डन" हा मेल, ॲडव्हान्सची बँकनोंद, बिलं, सिलेक्शनची यादी, अल्बम वा पेनड्राइव्ह घेतल्याची पोच, सगळं एका ठिकाणी आणा. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) येते. फोन बदलताना जुना फोन विकू नका, निदान बाकी मिटेपर्यंत.

कंपन्यांच्या बाबतीत एक कागद बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: तुमचा २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या-भरलेल्या कराचं आयकर खात्याचं विवरण. तुमच्या बिलावर कंपनीने टीडीएस कापून भरला असेल तर तुमच्या पॅनवर त्याची नोंद दिसते. म्हणजे बिल त्यांच्या पुस्तकात चढलेलं आहे. "आम्हाला बिल मिळालंच नाही" किंवा "काम मान्यच नव्हतं" असं म्हणणाऱ्यासमोर ही एक ओळ ठेवली की बोलणं पुष्कळ सरळ होतं.

पायरी ४: खर्चाचा कागद मांडा

ही पायरी घाईत उरकू नका. एक कोरा कागद घ्या, मधे रेघ मारा. डावीकडे जाणारे पैसे, उजवीकडे येऊ शकणारे.

डावीकडे पहिलं कोर्ट फी. महाराष्ट्रात ती दाव्याच्या रकमेनुसार टप्प्याटप्प्याने वाढते. नेमका आकडा वकिलाकडून लिहून घ्या. त्याच्यासोबत टायपिंग, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं, समन्सचा खर्च. दुसरं वकिलाची फी. एकरकमी की तारखेगणिक, त्यात कशाकशाचा समावेश, दरखास्तीची फी वेगळी का, हे पहिल्याच भेटीत विचारा. यात संकोच नको. आपण लग्नघरी ड्रोन पॅकेजमध्ये धरलाय की वेगळा ते सांगतोच की. "वसूल झालं तर त्यातले इतके टक्के" अशी बोली वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. तशी ऑफर देणाऱ्यापासून लांब राहा.

तिसरा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत: तुमचे दिवस. प्रत्येक तारखेला तुम्हाला जावं लागत नाही, पण दावा दाखल करताना, सरतपास-उलटतपासाला, तडजोडीच्या बोलण्याला जावंच लागतं. लगीनसराईत तारीख आली तर एक बुकिंग जातं किंवा दुसऱ्याला पाठवावं लागतं. समोरच्याच्या गावी दावा चालणार असेल तर प्रवास आणखी. दावा साधारणपणे प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा व्यवहाराचं कारण जिथे घडलं तिथे लावता येतो. पुण्याचा फोटोग्राफर, लग्न नागपूरला आणि पैसेही नागपूरलाच ठरलेले, तर पुण्यात दावा चालवण्यावरूनच पहिलं वर्ष जाऊ शकतं.

आता हिशेब. आकडे फक्त मांडणी दाखवण्यासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. बाकी ६०,००० रुपये. वकील २५,०००. कोर्ट फी आणि किरकोळ मिळून ७,०००. पाच दिवस बुडाले, दिवसाचे ५,००० धरले तर २५,०००. डावी बाजू झाली ५७,०००. उजवीकडे ६०,००० आणि थोडं व्याज. हुकूमनाम्यानंतरचं व्याज सर्वसाधारणपणे वर्षाला सहा टक्क्यांपर्यंत असतं, व्यापारी व्यवहारात ते जास्त देता येतं. निकालात "खर्चासह" असं लिहिलं, तरी वकिलाला दिलेले सगळे पैसे त्यातून क्वचितच भरून येतात. आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: जिंकण्याची शक्यता किती आणि जिंकल्यावर वसुलीची किती? कागद चांगले म्हणून दहात आठ धरलं, आणि माणूस धड दिसत नाही म्हणून वसुली दहात पाच, तर हाती येण्याची अपेक्षा दहात चार. म्हणजे ५७,००० घालून अपेक्षा २४,००० ची. हा दावा लावू नये.

तोच कागद ४,००,००० च्या बाकीसाठी, चालू हॉटेलवर, सही केलेल्या करारासह मांडा. फी वाढेल, दिवस साधारण तितकेच जातील आणि वसुलीची शक्यता एकदम वर जाईल. तिथे मागे हटायचं कारण नाही.

जीएसटी नोंदणी असेल तर डाव्या बाजूला आणखी एक ओळ. बिल काढलं की कर भरावा लागतो आणि ग्राहकाने पैसे बुडवले म्हणून तो परत मिळत नाही. त्यामुळे मोठं बिल काढण्याआधी ॲडव्हान्स घ्या.

आपल्या जिल्हा कोर्टात अशा दाव्यांना किती वेळ लागतो हे नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर कोणालाही पाहता येतं. किती जुने दावे अजून पडून आहेत ते तिथे वर्षांप्रमाणे दिसतं. निर्णय घेण्याआधी पाच मिनिटं काढून ते बघा.

पायरी ५: स्वस्त रस्ते आधी

पहिलं, तुमचं स्वतःचं पत्र. वकिलाशिवाय, साध्या मराठीत: कामाची तारीख, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी, शेवटची तारीख. मेलने पाठवा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही. शिव्या नकोत, "बघून घेतो" नको. हेच पत्र पुढे कोर्टात न्यायाधीश वाचणार आहेत, हे डोक्यात ठेवून लिहा. त्यानंतर वकिलाची नोटीस. तिचा खर्च दाव्याच्या मानाने थोडा असतो.

समोरचा बोलायला तयार असेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. त्याला कोर्ट फी नाही. तडजोड झाली की तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि तिच्यावर अपील नसतं. चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. महिला फोटोग्राफर, अनुसूचित जाती-जमातींतले आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हा हक्क आहे, उपकार नाही, तेव्हा मागायला लाजू नका. साठ हजारांच्या बाकीत पंधरा सोडून पंचेचाळीस हातात पडत असतील, तर वरचा कागद पुन्हा बघा आणि घ्या.

चेक परत आला असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे, पण दिवस पाळा. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पंधरा दिवस. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. चेक तुमच्या खात्यात भरला असेल तर ती तुमच्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात चालते, म्हणजे सांगलीच्या माणसाला मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि २०१८ पासून कोर्ट अंतरिम भरपाई म्हणून वीस टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला लावू शकतं. त्यामुळेच अल्बम हातात देताना "नंतर जीपे करतो" यापेक्षा तारीख घातलेला चेक मी नेहमी चांगला मानतो. त्याची वैधता तीन महिने, ते तेवढं लक्षात असू द्या.

आता कंपन्या, हॉटेलं, जाहिरात एजन्सी आणि इव्हेंटवाल्यांसाठीचा रस्ता. फोटोग्राफी ही सेवा आहे आणि तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि कराराने ती कितीही लांबवली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यायचे असतात. करारात मुदतच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद, म्हणजे कोर्टाबाहेरचा बंधनकारक निवाडा. निवाडा तुमच्या बाजूने गेला आणि कंपनीला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. छोट्या माणसाच्या हातात इतकं जड हत्यार दुसरं नाही. मात्र नोंदणी काम घेण्याआधीची हवी. बिल अडकल्यावर केलेल्या नोंदणीवर वाद होतात आणि त्यात न्यायालयांनी पुरवठादाराच्या विरोधात निर्णय दिलेले आहेत. हा लेख वाचून आज एकच काम करणार असाल तर नोंदणी करा.

याच्या जोडीला आयकरातली, सगळे ४३बी(एच) म्हणून ओळखतात ती तरतूद. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला मिळत नाही. मार्च महिन्यात बिलावर उद्यम क्रमांक टाकून अकाउंट्स विभागाला सभ्य आठवण पाठवा. साहेबांची राहिलेली सही अशा वेळी मिळते, हे मी पाहिलं आहे.

पोलीस ठाण्याबद्दल इतकंच: पैसे न देणं ही साधारण दिवाणी बाब. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता असं दाखवता आलं तरच फसवणुकीचा गुन्हा. धाक म्हणून तक्रार करू नका.

आणखी दोन इशारे. इंटरनेटवरून उतरवलेल्या करारात लवादाचं कलम असतं. ते वाचा. लवादाची फी तुमच्या बाकीपेक्षा जास्त होऊ शकते आणि ते कलम असलं की समोरचा दिवाणी दावा थांबवायला लावू शकतो. दुसरं, व्यापारी स्वरूपाचा आणि तीन लाख किंवा त्याहून मोठा वाद असेल तर तो व्यावसायिक न्यायालयाच्या कायद्याखाली येऊ शकतो. तिथे तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दावा लावण्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो.

पायरी ६: पैसे नव्हे, फोटोच वापरला असेल तर

इथे नव्या मंडळींना धक्का बसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो ग्राहक असतो. म्हणजे तुम्ही काढलेला नवरीचा फोटो मेकअपवालीने किंवा हॉलवाल्याने बॅनरवर लावला, तर तक्रारीचा हक्क बहुधा नवरीकडच्यांचा, तुमचा नाही. तुम्ही स्वतःच्या मनाने काढलेले पाऊस, वारी, गडकिल्ल्यांचे फोटो मात्र तुमचेच. म्हणून कोटेशनमध्ये ही ओळ घाला: "सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, ग्राहकाला वैयक्तिक व कौटुंबिक वापराचा कायमचा परवाना असेल." पॅकेजच्या खाली, सहीच्या वर.

नोंदणी केल्याशिवाय कॉपीराइट मिळत नाही हा गैरसमज आहे. मूळ रॉ फाइल, तिच्यातली तारीख आणि त्याच शूटच्या मागच्या-पुढच्या फ्रेम हा उत्तम पुरावा. तुमचा फोटो एखाद्या पेजने उचलला तर आधी त्या प्लॅटफॉर्मला लेखी तक्रार करा. कॉपीराइट नियमांनुसार त्यांनी ३६ तासांत तो हटवायचा असतो, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा दिसू शकतो. बहुतेक छोट्या प्रकरणांत इथेच थांबणं शहाणपणाचं. एखाद्या ब्रँडने जाहिरातीत वापरला असेल तर तुमच्या नेहमीच्या परवाना-दराचं बिल नोटिसीसोबत पाठवा. कॉपीराइटचा दावा तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो, हा फायदा हिशेबात धरा. मात्र हक्क आपला आहे याची खात्री नसताना धमकीची नोटीस पाठवू नका. कलम ६० खाली समोरचाच तुमच्यावर दावा करू शकतो.

पायरी ७: उलटा फासा

तुम्ही दावा लावला की ग्राहक ग्राहक आयोगात जाऊ शकतो: अल्बम उशिरा दिला, सप्तपदीचे फोटो नाहीत, हार्ड डिस्क खराब झाली. त्याने दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला जिल्हा आयोगात फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तुमच्या कामात खरोखर काही राहून गेलं असेल तर त्याची किंमत आत्ताच डाव्या बाजूला लिहा आणि तडजोडीत ती आधी स्वतःहून वजा करा.

पैसे येईपर्यंत पूर्ण रिझोल्यूशनचा डेटा न देणं योग्य, पण ते कोटेशनमध्ये लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसताना कोणाच्या लग्नाचे फोटो अडवून धरले तर सेवेतील त्रुटी तुमची ठरू शकते. आणि इन्स्टाग्रामवर ग्राहकाचं नाव घेऊन "पैसे बुडवले" अशी पोस्ट टाकू नका. बदनामीची नोटीस तुम्हालाच येईल आणि वसुलीचं बोलणं संपेल.

पायरी ८: रेषा आधीच आखा

दावा लावायचं ठरलं तर लावण्याआधीच दोन आकडे लिहून वकिलाला द्या: किती रकमेला तडजोड मान्य, आणि एकूण किती खर्चापर्यंत जायचं. प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (कोर्टाने दिलेला प्रकरणाचा ओळखक्रमांक) घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपवर तारखा स्वतः पाहत जा. बुकिंगच्या डायरीत त्या लगेच चढवा. लगीनसराईतल्या मुहूर्ताच्या दिवशी तुमची साक्ष येत असेल तर वकिलाला आठवडाभर आधी सांगा, आदल्या रात्री नाही.

न लावायचं ठरलं, तरी शेवटचं पत्र पाठवा आणि मुदत संपायची तारीख डायरीत ठेवा. त्या माणसाचं दुसरं लग्नघर, दुसरं दुकान, नवीन टेंडर दिसलं तर तीन वर्षांच्या आत हाच कागद पुन्हा मांडता येतो. आणि पुढच्या बुकिंगपासून हप्ते असे पाडा: निम्मे तारीख पक्की करताना, चाळीस टक्के हळदीच्या दिवशी शूट सुरू होण्याआधी, दहा टक्के अल्बम देताना. म्हणजे अडकलीच तर दहा टक्के रक्कम अडकेल.